लाखाचे बॉक्स

लिहिणं हे माझं काम नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरातून माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आजवर मी जे काही लिहिलं ते उत्तरपत्रिकेत, आणि तिथे मुद्दा सोडून लिहिलं की गुण जातात. त्यामुळे काय सांगावं आणि काय गाळावं, हे मला नीट समजत नाही. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. आणखी एका गोष्टीचं वाईट वाटतं. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना मी विचारलेलं नाही. बाबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "लिही की, त्यात काय," आणि मग दिवसभर कुणाशी बोलले नसते.

मखमलाबादच्या पुढे आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडी गुलछडी. फुलं आम्ही नाशिकच्या बाजारात नेतो. आजोबा फुलांच्या जोडीला मांडव आणि लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. मनमाडला कुणाचा तरी तंबूतला सिनेमा बंद पडला, तेव्हा तिथले दोन मोठे बॉक्स आजोबांनी विकत घेतले आणि बैलगाडीतून घरी आणले, असं आत्या सांगते. माझ्या छातीइतके उंच, जाड लाकडाचे, आत कागदाचा मोठा कोन आणि वर लोखंडी भोंगा. पाठीमागे विलायती कंपनीची पितळी पट्टी. पंचक्रोशीतली लग्नं, सप्ते, निवडणुका या बॉक्सवर झाल्या. पुढे डीजे आले आणि बॉक्स पडवीच्या कोपऱ्यात गेले. तरी बाबा दर आठवड्याला त्यांच्यावरची धूळ पुसायचे. आजोबांच्या हाताखाली बाबांनी पहिली वायर जोडली ती याच बॉक्सची.

आजोबांचं वर्षश्राद्ध झालं आणि वाटणीचा विषय निघाला. जमीन आजोबांनी हयातीतच वाटून दिली होती. राहिलं होतं ते धंद्याचं सामान. एकीकडे मांडवाचे बांबू, कापडं, सतरंज्या, मोठी पातेली आणि जनरेटर. दुसरीकडे हे दोन बॉक्स आणि जुना ॲम्प्लिफायर. वाटेकरी दोन, बाबा आणि माझे धाकटे चुलते. त्यांना आम्ही नाना म्हणतो. ते लासलगावला राहतात, स्वतःच्या पिकअपमधून कांदा वाहतात.

आमच्यात वाटणीची एक रीत आहे. मोठ्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे वाटे करणारा आपोआप सारखेच करतो, कारण कुठला आपल्याकडे राहील हे त्याला माहीत नसतं. याला आणखी एक पोटनियम आहे. वाटे करणाऱ्यानं आपल्याला काय हवं ते तोंडातून काढायचं नाही. काढलं तर धाकट्याची भीड होते.

बाबांना बॉक्स हवे होते. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि आमच्या दोघांशिवाय कुणाला माहीत असायला नको होतं.

"तू शिकतोयस," बाबा मला म्हणाले. "त्या बॉक्सचे आज किती येतील ते काढ. कमी नको, जास्त नको. मांडवाचा मला अंदाज आहे."

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय फिजिक्स. घरात एवढ्यावरच माझा अधिकार ठरला होता. मी आधी नाशिकला भद्रकालीत गेलो. एका भंगारवाल्यानं फोटो बघून लोखंड आणि तांबं धरलं, लाकूड फुकट धरलं आणि अडीच हजार सांगितले. दुरुस्तीच्या एका दुकानात पंधरा हजारांपर्यंत जाईन म्हणाले. मग मी मोबाईलवर कंपनीचं नाव टाकून शोधलं, आणि पहिला आकडा बघून मला वाटलं की शून्य मोजण्यात माझी चूक होतेय. पाच लाख. परदेशात कुणीतरी अगदी तसलीच जोडी विकायला ठेवली होती.

मी बाबांना दाखवलं. त्यांनी फोन हातात घेतला नाही. लांबूनच बघून म्हणाले, "ही बोली झाली. दसऱ्याला सकाळी आपणही झेंडूचे शंभर सांगतो. माल उठला कितीला ते बघ."

मग मी तसं बघायला लागलो. मागितलेल्या किमती सोडून दिल्या. खरोखर विकल्या गेलेल्या जोड्या शोधल्या. हळूहळू कळत गेलं की दोन्ही बॉक्स एकाच जोडीचे लागतात, कोन मूळचा लागतो, तो बदललेला असला की किंमत निम्म्यावर येते. कुणी लाकडाला रंग दिलेला असला तरी उतरते. जुन्या आवाजाच्या शौकिनांचा एक ग्रुप सापडला, तिथे मी घाबरत घाबरत फोटो टाकले. गंगापूर रोडला राहणाऱ्या एका निवृत्त इंजिनिअरांनी उत्तर दिलं, "प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगणं बरोबर नाही. पण फोटोवरून दीड ते दोन लाख. कृपया भंगारात देऊ नका." मी मधला आकडा धरला. पावणेदोन लाख.

आई भाकरी थापत होती. आकडा ऐकून तिचा हात परातीतच थांबला. मग तिनं विचारलं, "हे नानाला सांगणं गरजेचं हाय का?"

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"म्हणजे डबडी म्हणून टाका एका बाजूला. तो काय ती उचलणार नाय. तुम्हाला पायजे ते मिळंल, त्याला मांडव मिळंल. कुणाचं काय बिघडलं?"

"आणि उद्या त्याला कळलं तर?"

"कोण सांगणार हाय?"

वाटणीच्या दिवशी बाबांनी काय केलं ते सांगतो.

भाऊकीतले दोन म्हातारे आले होते, आत्या आली होती. अंगणात एका बाजूला मांडवाचं सगळं सामान, जनरेटर, पातेली. दुसऱ्या बाजूला फक्त बॉक्स आणि ॲम्प्लिफायर. नाना दोन्हींच्या मधून एकदा चालत गेले. बॉक्सवर टिचकी मारून म्हणाले, "आन या बाजूला अजून काय येणार हाय?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "एवढाच वाटा. पावणेदोन लाख धरलेत, मांडवाएवढेच."

नाना हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसरं कुणी हसत नाहीये.

"कोण म्हणतं?"

"यानं काढलंय," बाबांनी माझ्याकडे बघितलं.

मी मोबाईल पुढे केला. विकल्या गेलेल्या जोड्या, इंजिनिअर साहेबांचा मेसेज, सगळं दाखवायला लागलो. नानांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"बाळा, कॉलेजात हेच शिकवतेत का रे? भंगाराचे लाख करायचे?" मग ते बाबांकडे वळले. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "भाऊ, तुला मांडव पायजे होता तर सरळ मागायचा. दिला असता मी. लाखाचं गाजर दाखवून ही डबडी माझ्या गळ्यात कशाला मारतो?"

खरा आकडा सांगितला की तो आमिषासारखा दिसतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. नानांच्या जागेवरून बघितलं तर त्यांचंही चुकत नव्हतं. एका बाजूला दर सिझनला पैसे आणणारा मांडव, आणि दुसऱ्या बाजूला दोन खोकी ज्यांच्यावर मोठा भाऊ म्हणतोय लाख ठेवलेत. का म्हणतोय? मी ती उचलावीत म्हणून.

बाबा म्हणाले, "अरे, मला तर..." आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांना बोलता येत नव्हतं. मला तर हेच बॉक्स हवेत, तू उचलू नयेस म्हणून मी रात्रंदिवस देवाला विनवतोय. रीत होती. एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बाबांकडे बघत राहिला. आता बोलतील, मग बोलतील.

"मी मांडव उचलला," नाना म्हणाले. "तुझे लाख तुला लखलाभ."

पिकअपमध्ये सामान भरलं गेलं. नाना जेवायला थांबले नाहीत. काकू गाडीत बसताना आईच्या पाया पडली, नाना गाडीतून उतरले नाहीत.

बाबांना जे हवं होतं तेच मिळालं होतं. बॉक्स पुन्हा पडवीत आले. आई संध्याकाळी म्हणाली, "घ्या. मिळाले ना?" बाबा त्या दिवशी जेवले, पण धूळ पुसायचा फडका त्यांनी त्यानंतर हातात घेतल्याचं मला आठवत नाही.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. फुलबाजारात बाबा क्रेट उतरवायला लागले की कुणीतरी म्हणायचं, "काय मग, लाखाचे बॉक्स कधी वाजवता?" दुसरा म्हणायचा, "त्यांना काय, त्यांच्या झेंडूलाबी पोरगा कॉलेजातून भाव काढून आणील." सगळे हसायचे, बाबाही हसायचे. बाबांना कुणी लबाड म्हणेल हे मी कधी कल्पनेत आणलं नव्हतं. वजनात एखादं फूल जास्त जावं म्हणून ते काटा खाली झुकलेला ठेवतात. आता गिऱ्हाईक त्या काट्याकडे दोनदा बघायचं. की मला तसं वाटायचं, कुणास ठाऊक.

गणपतीचं विसर्जन झालं त्या संध्याकाळी मी म्हणालो, "मी नानांना फोन करून समजावतो."

"तू समजावशील, तो म्हणेल बापानं शिकवलं." मग थोड्या वेळानं ते म्हणाले, "विकूनच दाखवायला पाहिजे."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "पण तुम्हाला तर..."

"दुसऱ्या कशानं तो मानणार आहे, सांग."

त्याच आठवड्यात मी गंगापूर रोडच्या साहेबांना फोन केला.

ते पितृपक्ष लागल्यावर आले. सोबत छोटी पेटी, मीटर, टॉर्च. आधी त्यांनी पितळी पट्ट्यांवरचे नंबर बघितले, ते लागोपाठचे निघाले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. साध्या सेलच्या दोन वायरी लावून कोन पुढे येतो का ते बघितलं. मग समोरची जाळी काढली आणि टॉर्च आत धरली. बराच वेळ धरून ठेवली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

कोनाच्या मधोमध गोल टोपी असते. दोन्ही बॉक्सच्या टोपीवर लाल-पिवळा थर होता. एकीचा थर इतका जाड की त्याला भेगा पडल्या होत्या, आणि ती टोपी आत दबलेली होती. त्याच्या कडेनं ओघळ कोनाच्या कागदावर उतरून वाळले होते.

"हळद-कुंकू आहे," बाबा म्हणाले. "खंडेनवमीला लावतो. वडील लावायचे, मग मी. जाळी काढून लावायचं, आत. आत्मा तिथं असतो ना आवाजाचा."

"ओलं लावता?"

"ओलंच. चिकटतं."

साहेब खाली बसले. त्यांना बोलायला अवघड जात होतं हे दिसत होतं. त्यांनी हाताच्या बोटांनी कोन अगदी हलकेच आत ढकलला आणि आम्हाला कान जवळ आणायला सांगितलं. एका बॉक्समधून काही आलं नाही. दुसऱ्यामधून बारीक खरखर आली, रेतीवर चप्पल घासावी तशी.

"हा आत घासतोय," ते म्हणाले. "दरवर्षी बोट दाबलं गेलं, ओल गेली. मूळचा कोन आता मिळत नाही. मी फोटोवरून बोललो होतो ते या बॉक्सचं नव्हतं, राग मानू नका. मी एक लाख तीस हजार देईन. तुम्ही दुसरीकडे विचारा, मला वाईट वाटणार नाही."

बाबा टोपीकडे बघत होते. पैशांचं त्यांनी ऐकलं की नाही, मला शंका आहे. "म्हणजे पूजेनं खराब झाले?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी टॉर्च बंद केली.

"वडिलांच्या हातचं आहे ते," बाबा म्हणाले. "त्यांच्या बोटाखाली माझं बोट धरून लावायचे."

मी दोन ठिकाणी विचारलं. पुण्याच्या एकानं खरखर ऐकवल्यावर लाखाच्या वर यायला नकार दिला. म्हणजे साहेबांचा भाव रास्त होता, किंबहुना थोडा वरचा. पण माझा आकडा पंचेचाळीस हजारांनी खाली आला होता, आणि तो नानांसमोर बोललेला आकडा होता.

"पितरांचा पंधरवडा चालू आहे," बाबांनी साहेबांना सांगितलं. "या दिवसात व्यवहार करत नाही. घट बसले की या. तेवढ्यात मी भावाला बोलावतो. तो समोर पाहिजे. तो नसताना पैसे घेतले तर तो म्हणेल, मागून काहीतरी ठरवलं."

साहेब थांबायला तयार झाले.

बाबांनी नानांना फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, काकूनं उचलला. "ते गाडी भरायला गेलेत दादा," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी अडखळल्यासारखं वाटलं, पण फोन स्पीकरवर होता आणि मागे ट्रॅक्टर वाजत होता. बाबांनी निरोप ठेवला. बॉक्सचं गिऱ्हाईक आलंय, पावणेदोन नाही, एक तीस म्हणतंय, त्याला म्हणावं येऊन स्वतः बघ, स्वतः विचार. पंधरवडाभर बाबा बाजारातून लवकर घरी यायचे. कुठलीही पिकअप रस्त्यावरून वळली की मान वर करायचे. मी मेसेज टाकला तो नानांनी वाचला, दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

"येत नाही तो," आई म्हणाली. "आता तरी ठेवून घ्या. तुमचेच हायत."

"ठेवले तर तो खरा ठरला," बाबा म्हणाले.

घट बसले त्या दिवशी साहेब टेम्पो घेऊन आले. त्यांनी पैसे बाबांच्या खात्यात टाकले. मेसेज आला, तो बाबांनी मला मोठ्यानं वाचायला लावला, दोन शेजारी उभे होते त्यांना ऐकू जाईल असा. मग बॉक्स उचलायला बाबांनी हात लावला नाही. मी, साहेबांचा ड्रायव्हर आणि एक शेजारी, आम्ही उचलले. बाबा मळ्यात गेले. दसऱ्यासाठी राखलेला झेंडू तोडायला अजून अवकाश होता, तरी ते वाफ्यात वाकून काहीतरी करत राहिले. खात्यावरची ती नोंद मी बँकेतून पासबुकवर छापून आणली आणि तिचा फोटो नानांना पाठवला. पुन्हा दोन निळ्या खुणा.

खंडेनवमीला बाबांनी फवारणीचा पंप, विळे आणि माझी पुस्तकं मांडली. कुंकू कोरडं लावलं.

दसरा गेला, दिवाळी आली. आत्या भाऊबीजेला आधी धाकट्या भावाकडे लासलगावला जाते आणि दुपारच्या गाडीनं आमच्याकडे येते, हे तिचं ठरलेलं आहे. यंदाही आली. पडवीत चपला काढताना तिनं कोपऱ्याकडे बघितलं.

"बॉक्स कुठं हलवले?"

"विकले," आई म्हणाली.

"कधी?"

"घट बसले तेव्हा. तुम्हाला सांगितलं नाय का नानानं? फोटो पाठवलाय की पासबुकाचा."

आत्या पडवीतच बसली. डब्यात लाडू होते, तो डबा तिच्या मांडीवर तसाच राहिला. बाबा आंघोळ करून नवा सदरा घालून बाहेर आले, पाटावर बसायच्या तयारीनं. आत्या त्यांच्याकडे बघून म्हणाली, "अरे, तो येणार होता रे तुझ्याकडं."

"कोण?"

"तो. त्याला तर कधीच कळलं होतं रे. गणपतीत मनमाडला त्यानं मांडव घातला होता, तिथल्या साऊंडवाल्याला त्यानं वाटणीच्या दिवशी मोबाईलवर काढलेला बॉक्सचा फोटो दाखवला. हसू करायला म्हणून दाखवला. तर तो माणूस म्हणाला, दोन लाखाला कुठं मिळत असतील तर मला सांगा. घरी येऊन जेवला नाय तो. बायकोला म्हणाला, भाऊ खोटं बोलला नव्हता. पितृपक्षात म्हणत होता, जातो, पाया पडतो. एकदा निफाडपर्यंत येऊन गाडी वळवली म्हणे. तोंड कसं दाखवू म्हणाला. आज मला सांगताना रडला. म्हणाला, ताई, तू पुढं हो, बॉक्स विकू नको म्हणावं भाऊला, मी येतो."

"आज म्हणाला?" आई म्हणाली. "पासबुकाचा फोटो बघूनबी?"

"फोन त्याच्या बायकोकडं असतो गं आता. तुमच्याकडून काही आलं की तो बघतच नाय. तिनं बघितला असंल, पण त्याला सांगायची तिची हिंमत झाली नसंल."

बाबा पाटाजवळ उभे होते, बसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "गणपतीत म्हणजे कधी? विसर्जन झाल्यावर?"

"नाय रे," आत्या म्हणाली. "गौरी बसल्या त्या दिवशी."